जगदाळे मॅडमचे लाल कान

जगदाळे मॅडमना लाज वाटली की ती चेहऱ्यावर दिसत नसे, कानांवर दिसे. चेहरा होता तसाच राही, गव्हाळ आणि थोडा झोपाळू. कान मात्र आधी कडेने आणि मग सगळे लालबुंद होत. पदर दोन्ही खांद्यांवरून, केसांचा घट्ट अंबाडा, त्यामुळे कान झाकायला काही उरायचं नाही. शिरूरच्या आमच्या कॉलेजात आलेली मुलगी दोन गोष्टी लगेच शिकायची: कँटीनचा वडा सकाळीच खायचा, आणि जगदाळे मॅडमच्या तोंडाकडे न बघता कानांकडे बघायचं.

मॅडम आम्हाला प्राणिशास्त्र शिकवायच्या. राहायला दौंडला. नवरा रेल्वेत होता, तो लग्नानंतर थोड्याच वर्षांत आजारपणात गेला. मूलबाळ नव्हतं. घरात त्या आणि सासूबाई. रोज दौंडहून चौफुल्याला यायचं, तिथे गाडी बदलून न्हावऱ्यावरून शिरूर गाठायचं. एवढ्या प्रवासात त्या कुणाशी बोलत नसत. पर्सचा पट्टा मनगटाला गुंडाळून झोपून जात, आणि कंडक्टरच त्यांना "मॅडम, शिरूर आलं" म्हणून उठवी. प्राणिशास्त्राच्या असून पालीला घाबरत. प्रयोगशाळेत पाल दिसली की शिपाई झाडू घेऊन येईपर्यंत आमचा तास व्हरांड्यात चाले. ग्रुप फोटोत शेवटच्या रांगेत, कुणातरी उंच माणसाच्या मागे उभ्या राहत. कुणी कौतुक केलंच तर "असू द्या, असू द्या" म्हणत अशा घाईने निघून जात, की कौतुक करणाऱ्यालाच आपलं काहीतरी चुकलं असं वाटावं.

शिकवताना त्यांची पाठ आमच्याकडे आणि तोंड फळ्याकडे असे. आकृत्या मात्र अशा काढायच्या की पुसायला हात धजायचा नाही. बेडकापर्यंत मॅडम ठीक असत. बेडकाचं प्रजनन त्या अगदी रंगून सांगायच्या. माणसाचं आलं की खडू थांबायचा. मागची मुलं खाकरायला लागायची, मॅडमचे कान पेटायचे आणि मॅडम फळ्याला सांगायच्या, "हे सगळं पुस्तकात आहे. वाचून घ्या. अडलं तर नंतर बोलू."

हे "नंतर बोलू" त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. आम्ही रूमवर त्याची नक्कल करायचो. घरमालकीण नंदाकाकू भाडं मागायला आली की काजल फळ्याकडे वळल्यासारखी भिंतीकडे वळायची आणि म्हणायची, "नंतर बोलू." नंदाकाकूला काही कळायचं नाही, पण आम्ही हसतोय म्हणून तीही हसायची.

काजल माझी रूममेट. दौंडकडच्या एका खेड्यातली. मी वडगाव रासाईची. दोघींच्याही गावांत भीमेचं पाणी, ऊस, आणि पोरीनं कसं वागावं यावर सगळ्यांची मतं भरपूर. काजलचा एक मुलगा होता. म्हणजे होता, एवढंच मी लिहिते. तो मोटारसायकलवर यायचा आणि ती कॉलेजच्या मागच्या गेटने जायची. माझाही एक होता. महेश, सणसवाडीत कंपनीत कामाला. हे लिहितानाही मला वाटतं की आईने हे वाचू नये. आई वाचणार नाही, तिला चष्म्याचा कंटाळा आहे. तरी वाटतं.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या भागात घरोघरी पूजेच्या गोळ्या असतात. घरात सत्यनारायण असो, जागरण-गोंधळ असो, सख्ख्या भावाचं लग्न असो, नेमक्या त्या दिवशी पाळी यायला नको म्हणून बायका मेडिकलमधून गोळ्या आणतात आणि पाळी पुढे ढकलतात. याची कुणाला लाज नाही. अंगणात पुरुष बसलेले असताना चुलती हाक मारून विचारते, "उद्या पूजा हाय, गोळ्या घेतल्या का गं?" काजलच्या आईच्या देव्हाऱ्यात कापूर आणि वातींच्या डब्याशेजारीच तसलं एक पाकीट असे. त्यातलंच एक काजल शिरूरला घेऊन आली होती.

एकदा ती मला म्हणाली, "ही गोळी चालू असली ना, की पिशवी बंद असती. मग काय राहतंय?" पिशवी म्हणजे गर्भाशय. मला ते बरोबर वाटलं. घरात इतक्या बायका घेतात, देवाच्या कामाला चालते, म्हणजे गोळी चांगलीच असणार. दुसऱ्या कुठल्या गोळ्या असतात हे टीव्हीवर बघितलं होतं, पण त्या काउंटरवर मागायच्या कशा? पूजेची गोळी मागताना घरात पूजा असते. त्या दुसऱ्या मागताना घरात काय आहे म्हणून सांगायचं?

तरी काजलला शंका होती. ती माझ्यापेक्षा हुशार. एकदा तास संपून सगळे गेल्यावर ती मॅडमच्या टेबलाशी गेली. मी दारात थांबले होते. काजलने विचारलं, "मॅडम, त्या पूजेच्या गोळ्या असतात ना, त्यांनी पिशवी बंद राहते का?" मॅडमनी डस्टर उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. कान लाल झाले. "नंतर बोलू," म्हणाल्या, आणि पर्स घेऊन निघून गेल्या. आम्ही रूमवर येऊन पोट धरून हसलो.

दिवाळीच्या सुट्टीत काजल घरी गेली ती परत आली नाही. पाळी येत नव्हती, पण ती गोळ्यांमुळे येत नाही असंच ती धरून चालली होती. आईच्या नजरेला आलं तेव्हा बराच उशीर झाला होता. कुठल्या तरी लांबच्या दवाखान्यात नेऊन मोकळी केली आणि तुळशीचं लग्न झाल्याबरोबर तिचं लग्न लावून टाकलं, त्या मोटारसायकलवाल्याशी नाही, दुसऱ्याच कुणाशी. तिचे वडील टेंपो घेऊन सामान न्यायला आले. पेटी, गादी, बादली. माझ्याकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही, आणि मीही त्यांच्याकडे. जाताना नंदाकाकूला म्हणाले, "चुकलं आमचं, पोरगी शिकायला ठिवली." तो माणूस पायऱ्या उतरताना भिंतीला धरून उतरत होता.

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर जगदाळे मॅडम आमच्या रूमवर आल्या. आधी कधी आल्या नव्हत्या. काजलच्या उघड्या कॉटवर, नुसत्या फळ्यांवर बसल्या.

"कोणत्या गोळ्या घेत होती ती?"

मी सांगितलं.

"आणि कुणी सांगितलं तिला, की त्यांनी राहत नाही म्हणून?"

"कुणी न्हाई मॅडम. तिला तसं वाटलं. मलाही वाटलं."

मॅडम बराच वेळ फळीवरचा एक खिळा नखाने खरवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला विचारलं होतं तिने. 'नाही राहत बंद', एवढंच सांगायचं होतं. एक वाक्य." त्यांचे कान लाल नव्हते. ते पांढरे पडले होते, आणि ते बघून मला जास्त भीती वाटली. त्यांची चौफुल्याची गाडी चुकली. नंदाकाकूने चहा आणला, तो निवून गेला.

पुढच्या आठवड्यात मॅडमनी फक्त मुलींना प्रयोगशाळेत बोलावलं. दार लावलं. आमच्याकडे पाठ केली, खडू घेतला आणि फळ्याला सगळं सांगितलं. मूल कसं राहतं, ते राहू नये म्हणून काय काय असतं, कोणतं कुणाला चालतं, कोणतं डॉक्टरला विचारल्याशिवाय घ्यायचं नाही, पूजेच्या गोळ्या कशाच्या आणि त्यांनी काय होत नाही. आवाज इतका बारीक की पुढच्या बाकाकडे सगळ्यांना सरकावं लागलं. कान तर असे, की कुणालातरी हसू येईल म्हणून मी वाट बघत होते. कुणी हसलं नाही. काजलचं नाव त्यांनी घेतलं नाही. शेवटी विचारलं, "काही अडलंय?" मागून एकीने चाचरत काहीतरी विचारलं. मॅडमनी फळ्याकडे बघतच उत्तर दिलं, पूर्ण दिलं. "नंतर बोलू" हे त्यांच्या तोंडून मी पुन्हा कधी ऐकलं नाही.

लाज गेली म्हणून धीर आला, असं मॅडमचं झालं नाही. त्यांची लाज होती तेवढीच राहिली. त्या लाजत लाजत सगळं करत गेल्या.

मी त्यांना गाठलं ते एसटी स्टँडवर, गाडी लागायच्या आधी. काय बोलायचं ते पाठ करून गेले होते आणि ऐन वेळी नुसतं "मॅडम, मला बी..." एवढंच म्हणाले. त्यांना कळलं. दोघी समोरच्या उसाच्या रसाच्या गाड्याकडे बघत राहिलो.

"त्याला सांगितलंस आणायला?"

"तो म्हणतो, मला लाज वाटती."

"हं," मॅडम म्हणाल्या. "त्याला लाज वाटते, तुला वाटते, मला वाटते. कुणालातरी तर आणावंच लागेल. नाहीतर लाज वाटतेय तोवर लांब राहायचं. सांग त्याला."

महेशला मी सांगितलं. तो गोरामोरा झाला, पण मेडिकलपर्यंत काही गेला नाही. मग मॅडम मला केडगावला त्यांच्या एका डॉक्टर मैत्रिणीकडे घेऊन गेल्या. तिने तपासलं, घरात कुणाला काय आजार आहेत ते विचारलं, रक्तदाब बघितला आणि गोळ्या लिहून दिल्या. मॅडम बाहेर बाकावर बसून राहिल्या. माझ्याआधी आमच्यातली आणखी एक मुलगी तिथे जाऊन आली होती, हे मला तेव्हा कळलं.

गोळ्या दर महिन्याला आणायच्या मॅडमनीच. आम्ही आणल्या असत्या तर मेडिकलवाल्याने ओळखलं असतं, त्याची बहीण माझ्याच वर्गात होती. पार्सल मागवलं तर ते नंदाकाकू फोडणार. दौंडला मॅडमच्या गल्लीत सासूबाईंच्या गोळ्या घेणारी म्हणून मॅडमना दुकानदार ओळखायचा. राहिलं शिरूर. मी एकदा लांबून बघितलं. मॅडम गर्दी सरेपर्यंत बाजूला उभ्या राहिल्या. मग पुढे झाल्या, आधी कापूस मागितला, मग डोक्याला लावायचा बाम मागितला, मग खोकल्याचं औषध, आणि सगळ्यात शेवटी ते. दुकानदार मोठ्याने म्हणाला, "काय म्हणालात मॅडम?" त्यांना पुन्हा सांगावं लागलं. रस्त्याच्या पलीकडून मला त्यांचे कान दिसत होते.

पाकीट माझ्यापर्यंत यायचं ते चटणीच्या डब्यातून. खाली पाकीट, त्यावर प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत शेंगदाण्याची चटणी. चटणी खरोखर उत्तम असे. एकदा नंदाकाकूने वास घेऊन डबाच उचलला. "मॅडमच्या हाताला चव हाय गं. दे की मला थोडी." मी डबा हिसकावून घेतला आणि म्हणाले की ताटात देते. नंदाकाकू मला चटणीसाठी जीव टाकणारी हावरट पोरगी समजली आणि तसं तिने गल्लीत सांगितलंही.

पण शिरूर तालुक्याचं गाव. विधवा बाई, एकटी, दर महिन्याला मेडिकलमधून काय नेते हे चार दिवसांत सगळीकडे झालं. मुलं मॅडम व्हरांड्यातून जाताना खाकरायला लागली. एक दिवस बोनाफाईडवर सही घ्यायला मी प्राचार्यांच्या केबिनबाहेर उभी होते. दार अर्धं उघडं होतं. सर हळू आवाजात बोलत होते, वाईट माणूस नव्हता तो.

"मॅडम, लोक बोलतात. संस्थेचं नाव आहे. मुलींसाठी नेत असाल तर त्यांची नावं द्या मला. मी घरच्यांना बोलावून घेतो. ती आपली जबाबदारी आहे."

मला दाराच्या फटीतून मॅडमचा अंबाडा आणि एक कान दिसत होता. डोळ्यांसमोर आमच्या दारात उभा राहिलेला टेंपो दिसत होता, आणि तो चालवणारे माझे आप्पा.

"माझ्यासाठीच नेते, सर," मॅडम म्हणाल्या.

फोटोत मागे लपणारी, पालीला घाबरणारी बाई हे म्हणाली. सरांनाच इतकी लाज वाटली की त्यांनी "बरं, बरं" म्हणून टेबलावरचे कागद आवरायला घेतले. मॅडम बाहेर आल्या, मला बघितलं आणि न थांबता गेल्या.

त्यानंतर स्टाफरूममधल्या बायका त्यांच्याबरोबर डबा खाईनाशा झाल्या. मुलींच्या समितीचं काम त्यांच्याकडून काढून घेतलं. त्या प्रयोगशाळेत एकट्याच जेवत. मी तिथे गेले आणि म्हणाले, "मॅडम, मी सांगते सरांना खरं."

"काय सांगशील? आणि उद्या तुझे वडील टेंपो घेऊन आले की?" त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "मला कुणी कुठून काढून नेणार नाही. लोकांचं मला काही नाही. फक्त दौंडला आईंच्या कानावर जाऊ नये. त्यांना माझ्याशिवाय कुणी नाही, मला त्यांच्याशिवाय. त्यांनी माझ्या हातचं पाणी घ्यायचं सोडलं तर मी कुठे जाऊ?" मग डबा माझ्याकडे सरकवला. "चटणी घे. आजची नुसतीच चटणी आहे."

मी पास झाले, सणसवाडीला एका कंपनीच्या लॅबमध्ये लागले. पहिल्या सुट्टीला पेढे घेऊन दौंडला गेले. मॅडमचं घर रेल्वे लाइनच्या अलीकडे, दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर. सासूबाई पुढच्या खोलीत कॉटवर बसल्या होत्या. नव्वदीकडे झुकलेल्या, पण डोळे लख्ख. मॅडम मला बघून "असू दे, पेढे कशाला" म्हणत चहा ठेवायला आत गेल्या. मधलं दार उघडंच होतं. ओट्याशी त्यांची पाठ दिसत होती.

म्हातारीने मला जवळ बोलावलं आणि कपाटाकडे बोट केलं. "उघड ते."

मी उघडलं. एक अख्खा कप्पा कापसाच्या गुंडाळ्यांनी भरलेला, खाली बामच्या बाटल्या, खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या.

"गादी व्हईल एवढा कापूस हाय घरात. हिला न्हाई खोकला, मला न्हाई खोकला. कशाला आणती म्हणून इचारलं तर गप बसती." मग आवाज खाली आणला. "आन् लोक काय म्हणत्यात ते बी आलंय माझ्या कानावर. कवाच आलंय. तू हिच्या हाताखालची पोरगी. खरं सांग. हिला कुणी हाय का?"

आतली कपबश्यांची खुडबुड थांबली. मॅडमची पाठ हलत नव्हती. मला कळलं की त्या वळणार नाहीत आणि बोलणारही नाहीत. बोलायचं तर मलाच. तोपर्यंत मी हे कुणालाच सांगितलेलं नव्हतं, बहिणीलाही नाही. आणि सांगायचं कुणाला, तर नऊवारी नेसलेल्या, तुळशीची माळ घातलेल्या म्हातारीला.

"आजी, त्या गोळ्या माझ्या होत्या. मॅडम मला आणून द्यायच्या. आणखी एका पोरीला पण. त्यांचं कुणी न्हाई."

म्हातारीची नजर माझ्या गळ्याकडे गेली. तिथे काही नव्हतं.

"लगीन?"

"न्हाई झालं, आजी."

माझे कान तापले होते. मॅडमना रोज कसं वाटत असेल ते मला तेव्हा कळलं. जमिनीत गाडून घ्यावंसं वाटत होतं आणि जमीन तर फरशीची. म्हातारी काहीतरी बोलेल, बाहेर हो म्हणेल, अशी मी वाट बघत होते. ती पदराने डोळे पुसायला लागली.

"मला वाटलं व्हतं, हिला कुणीतरी भेटलं," ती म्हणाली. "किती वर्सं झाली, पोर एकटीच हाय. माझ्यामागं हिचं कोण? ऐकलं तवा आधी वाईट वाटलं, मग म्हनलं, असंल तर असू दे. लपवती तर लपवू दे. मी देवीला नारळ बी बोलले व्हते, हिचं नीट हू दे म्हणून. त्यो बघ, कोनाड्यात ठिवलाय." कोनाड्यात खरंच एक नारळ होता, शेंडीवर धूळ बसलेला. "आता त्याचं काय करू?"

चहा उतू गेला, त्याचा वास आला. मॅडमनी गॅस बंद केला. भिंतीकडे तोंड करूनच, वर्गात फळ्याशी बोलायच्या तशा बारीक आवाजात त्या म्हणाल्या, "फोडा तो, आई. पोरीला नोकरी लागलीय."

नारळ मीच फोडला, मागच्या पायरीवर. म्हातारीने आधी मॅडमच्या हातचं पाणी मागून घेतलं, मग खोबऱ्याचा एक तुकडा मॅडमच्या तोंडात घातला आणि एक माझ्या.

मॅडम मला स्टँडवर सोडायला आल्या. चौफुल्याच्या गाडीत मला खिडकी मिळाली. त्या खाली उभ्या होत्या, पदर दोन्ही खांद्यांवर, तोंड माझ्याकडे नाही, समोरच्या पाटीकडे. कान लाल होते. गाडी हलली तेव्हा पाटीकडे बघतच त्यांनी हात थोडासा वर केला, आणि खोबरं अजून त्या चघळत होत्या.